पेंटर, प्रायोजक आणि लंगोटातला बोका : कोल्हापुरातल्या एका कॉमिक्स मेळाव्याचे प्रकरण

प्रकरण थोडक्यात असे. चाळिशीकडे झुकलेल्या एका चित्रकाराने चार मित्रांना हाताशी धरून कोल्हापुरात कॉमिक्सचा मेळावा सुरू केला. दोन वर्षे तो बरा चालला. तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर, एकाच आठवड्यात, त्याच्याकडे दोन माणसे आली. एकजण मेळाव्याचा सगळा खर्च उचलायला तयार होता. दुसरा पुण्याचा प्रकाशक. त्याला ६४ पानांचे मराठी कॉमिक्स हवे होते, संपूर्ण हाताने काढलेले. मेळावा डिसेंबरात आणि पुस्तकही डिसेंबरातच द्यायचे. दोन्ही एका माणसाच्याने होणार नाही, हे त्याच्याखेरीज सगळ्यांना दिसत होते.

मेळाव्याचा हिशेब मी पाहतो, त्यामुळे पुढची बहुतेक बोलणी माझ्यासमोर झाली. नावे मुद्दाम दिलेली नाहीत. गल्लीत त्याला सगळे पेंटर म्हणतात, इथेही तेच.

पेंटरचे वडील दुकानांचे बोर्ड रंगवायचे. सुतळीला निळीची पूड चोळायची, दोन टोके दोघांनी धरायची, मध्ये टिचकी मारली की पत्र्यावर सरळ रेघ उठते. त्या रेघेला शिरोरेषा लटकवायची. पेंटर चित्र काढायच्या आधी अक्षर काढायला शिकला तो असा. पुढे फ्लेक्स आला आणि बोर्ड रंगवण्याचा धंदा बघता बघता बसला. पेंटरने चित्रकलेची पदविका घेतली आणि मिळेल ते काम केले: गणपती मंडळांचे देखावे, गाइडांतली चित्रे, लग्नपत्रिका, दिवाळी अंकांतली व्यंगचित्रे. कामाला तोटा नव्हता, पण कुठल्या कामाखाली त्याचे नाव छापून येत नव्हते.

कॉमिक्सचा नाद मामाच्या ट्रंकेतून लागला. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झाले आणि १९९० साली बंद पडले. मराठीतही ते निघत. वेताळ (म्हणजे फँटम) आणि जादूगार मँड्रेक घरोघरी पोहोचले ते तिथून, आणि १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर. अमर चित्र कथा १९६७ ची, टिंकल १९८० चे. ही पुस्तके वाचताना पेंटरच्या डोक्यात एक गोष्ट घर करून बसली. टिंकलमधला सुपंडी काढणारे राम वाईरकर, अमर चित्र कथेपासून नागराजपर्यंत रेखाटणारे प्रताप मुळीक ही आपली मराठी माणसे. पात्रे लोकांना पाठ असतात, हात कोणाचा ते ठाऊक नसते. लहानपणी कोल्हापुरात शाळा शिकलेले शि. द. फडणीस मुखपृष्ठांमुळे तरी ओळखले गेले. चित्रपट्टी काढणाऱ्यांच्या वाट्याला तेही फारसे आले नाही. मेळाव्याची कल्पना इथून आली: एक दिवस तरी हात दिसू दे.

पहिला मेळावा एका शाळेच्या सभागृहात, रविवारी. दुसऱ्या वर्षी दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाचे कलादालन घेतले, दोन दिवस. जुन्या अंकांच्या अदलाबदलीची टेबले, मुलांची कार्यशाळा, दोन व्याख्याने. आणि एका कोपऱ्यात पेंटर स्वतः बसून अक्षरे काढत होता. सगळ्यात जास्त गर्दी या कोपऱ्यात होती, आणि हे पाहिलेच पाहिजे असे प्रकरण आहे.

इंग्रजी कॉमिक्समध्ये संवाद कॅपिटल अक्षरांत असतात. सगळी एका उंचीची, त्यामुळे ओळीला ओळ भिडवता येते. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार. खालच्या ओळीची मात्रा वरच्या ओळीच्या उकारात घुसली की वाचणारा अडखळतो. इंग्रजीसाठी काढलेल्या फुग्यात मराठी मजकूर बसवला की एक तर अक्षर बारीक करावे लागते, नाही तर फुगा फुटायला येतो. पेंटर उलटीकडून जातो. आधी दोन फिकट रेघा, मग बोरूने अक्षरे, शेवटी त्या अक्षरांभोवती फुगा. ‘अरे थांब!’ हे दोन शब्द त्याने मुलांना चार तऱ्हांनी काढून दाखवले: दमलेला माणूस म्हणतो तसे, चिडलेली आई म्हणते तसे, पळणारा चोर म्हणतो तसे आणि दुरून ऐकू येते तसे. पुण्याचा प्रकाशक याच टेबलापाशी बराच वेळ उभा होता.

वेशभूषा करून आलेल्यांत एक आठवीतला वेताळ होता. त्याच्या आईने ब्लाउजपीसच्या उरलेल्या जांभळ्या सॅटिनचा अंगरखा शिवला होता. कॉस्प्ले म्हटले की आपल्याकडचे काही बुजुर्ग नाक मुरडतात. त्यांनी गणेशोत्सवातले जिवंत देखावे आठवावेत. कोल्हापूरकराला सोंग कोणी शिकवायला नको.

आता हिशेब. दुसऱ्या वर्षी २२ टेबले प्रत्येकी ७०० रुपयांनी गेली, १५,४०० आले. मोठ्यांना ५० रुपये तिकीट, मुलांना मोफत; ४१० तिकिटांचे २०,५००. कार्यशाळेत ४० मुले, प्रत्येकी १५० प्रमाणे ६,०००. एकूण जमा ४१,९००. खर्च असा: जागा आणि टेबल-खुर्च्या १९,०००, माइक आणि दिवे ६,५००, छपाई ८,०००, पाहुण्यांचा प्रवास-मुक्काम ९,५००, चहा-नाष्टा ५,२००. एकूण ४८,२००. तूट ६,३०० रुपयांची, ती पेंटरने खिशातून भरली आणि म्हणाला, “एवढं तर मंडळाच्या वर्गणीत जातंय की.”

मी त्या कागदावर आणखी एक ओळ लिहिली: पेंटरचे काम. पोस्टर, तिकिटाचे चित्र, स्टेजचा पडदा, प्रमाणपत्र आणि मेळाव्याचे चिन्ह, म्हणजे लाल लंगोट घालून दंड थोपटणारा बोका. त्याच्याच नेहमीच्या दराने हे सगळे ४०,००० च्या खाली नव्हते. त्यात भर म्हणजे ही कामे नेमकी गणपतीच्या हंगामात आली, म्हणून त्याने दोन मंडळांचे देखावे सोडले होते. खरी तूट ४६,३०० रुपयांची होती. हा कागद पाहून पेंटर माझ्यावर थोडा रागावला. घरात वहिनींनी मात्र तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

इथे एका अमेरिकन माणसाची गोष्ट सांगायला हवी. पेंटर त्याचा भक्त आहे आणि चर्चेत त्याचे नाव सारखे निघायचे. शेल डॉर्फ, जन्म १९३३. वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्ट्या कापून वह्यांत चिकटवणारा माणूस. १९६५ साली डेट्रॉइटमध्ये ‘ट्रिपल फॅन फेअर’ हा कॉमिक्सप्रेमींचा मेळावा उभा करण्यात तो पुढे होता. नंतर तो सॅन दिएगोला राहायला गेला. तिथे त्याला कॉमिक्सवेडी पोरे भेटली, बहुतेक अठरा-वीसच्या आतली. हा स्वतः ३६ वर्षांचा. २१ मार्च १९७० रोजी यू. एस. ग्रँट हॉटेलात त्यांनी एक दिवसाचा छोटा मेळावा भरवला. उद्देश साधा होता: मोठ्या मेळाव्यासाठी पैसे आणि माणसे जमवणे. ऑगस्टच्या १ ते ३ तारखांना त्याच हॉटेलात मोठा मेळावा झाला. विज्ञानकथाकार रे ब्रॅडबरी आणि कॉमिक्सचा चित्रकार जॅक कर्बी पाहुणे, प्रेक्षक ३०० च्या आसपास. आज सॅन दिएगो कॉमिक कॉनला १,३०,००० हून अधिक लोक जातात.

पेंटरला या गोष्टीतला ३०० चा आकडा फार आवडतो. “आपली सुरुवात त्यांच्यापेक्षा जोरात हाय भावा!” मला त्यातली दुसरीच माणसे महत्त्वाची वाटतात. सुरुवातीचे पैसे डॉर्फने घातले नव्हते. रिचर्ड आल्फ हा टपालाने जुनी कॉमिक्स विकणारा पोरगा, त्याने ते घातले. केन क्रूगर पुस्तकांच्या दुकानातला मुरलेला माणूस, त्याला असे मेळावे कसे चालतात ते माहीत होते. पाहुण्यांना गाठणे, त्यांना पटवणे हा डॉर्फचा हातखंडा. कर्बीने तर आपल्या चित्रकथेतले हायमन नावाचे पात्र त्याच्यावरून घडवले. संस्थापक कोण, यावर तिकडे आजही वाद चालतो. पण काम वाटलेले होते, म्हणून मेळावा टिकला. आमच्याकडे आल्फ, क्रूगर आणि डॉर्फ हे तिघेही पेंटरच होता.

दुसरी गोष्ट जास्त जिव्हाळ्याची. डॉर्फ चित्रकलेच्या धंद्यातला माणूस, पण त्याचे स्वतःचे गाजलेले पात्र नाही. त्याची कला राहिली ती अक्षरांत. मिल्टन कॅनिफची ‘स्टीव्ह कॅनियन’ ही चित्रपट्टी १९४७ ते १९८८ चालली. तिच्या शेवटच्या बारा-चौदा वर्षांतल्या संवादांची अक्षरे डॉर्फने काढली. रोजचे काम, रोजची मुदत. पुढे मेळावा फुगला, सिनेमावाले आत शिरले आणि डॉर्फ बाजूला झाला. मेळावा आता फार मोठा झाला आहे, अशी त्याची तक्रार असे. २००९ साली तो वारला. पेंटरच्या टेबलाच्या काचेखाली डॉर्फने अक्षरे काढलेल्या एका पट्टीची छापील प्रत आहे, मेळाव्याचा फोटो नाही. हे मी त्याला एकदा बोलून दाखवले, तेव्हा तो गप्प बसला.

तर प्रायोजक. शहरातल्या एका खासगी क्लासचा मालक, माणूस वाईट नाही. त्याची मुलगी आमच्या कार्यशाळेत येऊन गेली होती. त्याच्या अटी अशा: मोठे सभागृह, तीन दिवस, टीव्हीवरचा एखादा चेहरा उद्घाटनाला, तिकीट २०० रुपये, मेळाव्याच्या नावाआधी क्लासचे नाव, आणि बोका क्लासच्या जाहिरातीत वापरायची मुभा. बैठकीत तो म्हणाला, “पेंटरसाहेब, तुम्ही फक्त चित्रं काढा हो, बाकीचं सगळं आमच्यावर सोडा.” पेंटरचा चेहरा उजळला. दोन वर्षे त्याला हेच तर हवे होते. फक्त ज्या चित्रापासून सुरुवात होणार होती, तेच चित्र त्या वाक्यात दुसऱ्याच्या खिशात जात होते.

कायद्याची बाजू मी वकील मित्राला विचारली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्राचा पहिला मालक सहसा चित्रकारच. पण कोणी पैसे देऊन, सांगून चित्र काढून घेतले आणि कागदावर वेगळे काही ठरलेले नसेल, तर कलम १७ चा कल काम सांगणाऱ्याकडे जाऊ शकतो. हक्क लिहून दिले आणि मुदत घातली नाही, तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षे धरली जाते. बोका मेळाव्याच्या आधी, फुकट, स्वतःच्या वहीत काढलेला होता, ही पेंटरची जमेची बाजू. तिसऱ्या वर्षी प्रायोजकाच्या पैशातून तो नव्याने काढला असता, तर प्रश्न गुंतागुंतीचा झाला असता.

नावाचाही घोळ होता. आमच्यातल्या पोरांना ‘कोल्हापूर कॉमिक कॉन’ हवे होते. टी-शर्टवर जोरात दिसते, हे मान्य. पण सॅन दिएगोवाल्यांनी सॉल्ट लेक सिटीच्या मेळाव्यावर या नावावरून खटला भरला आणि २०१७ साली ज्यूरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे जतीन वर्मा यांनी २०११ साली दिल्ली हाटमध्ये पहिला कॉमिक कॉन भरवला. ती संस्था वाढत गेली आणि २०२४ साली नॉडविन गेमिंग या कंपनीने घेतली. दुसऱ्याने मेहनतीने उभे केलेले नाव आपल्या पाटीवर लावून कशाला नोटिशीची वाट बघायची? आमचा मेळावा ‘मेळावा’च राहिला. दोन पोरे त्यावरून आठवडाभर फुगून बसली होती.

बैठकांत कोणीतरी बाबूराव पेंटरांचे नाव काढणार हे ठरलेलेच होते. कोल्हापुरात चित्रकार काही उभे करायला निघाला की ते निघतेच, आणि या वेळी ते उपयोगाचे होते. बाबूराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव नाटकांचे पडदे रंगवायचे. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी कॅमेरा घडवला, तानीबाई कागलकरांनी पैशाची मदत केली, १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ आला. चित्रपटांची पोस्टरे बाबूराव स्वतः रंगवत. १९२९ साली व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर हे त्यांच्याच हाताखाली तयार झालेले लोक बाहेर पडले. सीतारामपंत कुलकर्णींना सोबत घेऊन त्यांनी इथेच प्रभात काढली आणि १९३३ साली ती पुण्याला नेली. महाराष्ट्र फिल्म कंपनी पुढे फार टिकली नाही. बाबूराव मात्र चित्रे आणि शिल्पे करत राहिले, १९५४ साली जाईपर्यंत.

आमच्यातला एकजण म्हणाला, “म्हणजे संस्था गेली की सगळं गेलं.” ही कथा लोक अशीच, सुतकी चेहऱ्याने सांगतात. मला ती तशी वाटत नाही. संस्था गेली, पण हात स्वतःचे होते, म्हणून पुढची पंचवीस वर्षे कामाची गेली. आपल्या पेंटरच्या बाबतीत उलटे व्हायची भीती होती. मेळावा राहील आणि चित्रकार जाईल. तसे नाव कोणी विसरत नाही, फेटा बांधून व्यासपीठावर बसवतात.

पर्याय समोर तीन होते. पहिला, प्रायोजकाचे सगळे मान्य करून पुस्तक सोडायचे. दुसरा, मेळाव्याला एक वर्ष सुट्टी. हा पोरांना मान्य नव्हता आणि त्यांचे बरोबर होते. एकदा टेबलवाल्यांची सवय मोडली की परत जमवणे अवघड, शिवाय महापुराच्या वर्षांत, २०१९ आणि २०२१ साली, इथले किती ठरलेले कार्यक्रम मोडले ते सगळ्यांनी पाहिले आहे. तिसरा, मेळावा लहानच ठेवायचा, पण पेंटरने तो चालवायचा नाही. तिसऱ्याचा आग्रह मी धरला. पेंटर तयार नव्हता. त्याचे म्हणणे, “मी नसलो तर पाहुण्यांना फोन कोण करणार?” फोन तूच कर, असे सांगितले. डॉर्फही तेच करायचा की! टेबलांचे पैसे, पोलिसांची परवानगी, माइकवाला, चहावाला, हे मात्र सोडायचे.

त्याला शेवटी हलवले ते वहिनींनी. प्रायोजकाचा माणूस घरी करार घेऊन आला होता. वहिनींनी चहा ठेवला, कागद वाचला आणि विचारले, “अहो, बोका कितीला देताय ते कळलं. किती वर्षांसाठी देताय ते कुठाय यात?” मुदतीची जागा कोरी होती. तो माणूस ओशाळून हसला, म्हणाला, बघतो. पेंटरने त्याच संध्याकाळी मला फोन केला.

पुढे ठरले ते असे. सोसायटी नोंदणी कायद्याखाली संस्था करायची. त्याला किमान सात सभासद लागतात, ते जमले. अध्यक्षपद एका निवृत्त चित्रकला शिक्षिकेकडे गेले. बाईंना नाही म्हणता येते, हा गुण पेंटरकडे नाही. पेंटरकडे फक्त कार्यक्रमाची आखणी आणि पाहुणे. त्याने संस्थेसाठी काही काढले तर त्याचे बिल लावायचे आणि हक्क कोणाकडे ते बिलावरच लिहायचे. प्रायोजकाला मुलांची कार्यशाळा देऊ केली: प्रमाणपत्रावर क्लासचे नाव, आणि बोका एक वर्षासाठी, फक्त मेळाव्याच्या जाहिरातीत. त्याने रक्कम एक तृतीयांशावर आणली, पण सोडून गेला नाही. तिकीट ५० चेच राहिले, टेबलाचे भाडे ९०० केले. प्रकाशकाने पुस्तकाची तारीख मार्चपर्यंत पुढे नेली. ती पुढे जाऊ शकते हे विचारेपर्यंत पेंटरला सुचलेही नव्हते.

तिसरा मेळावा झाला. खर्च निघून थोडे उरले, पुढच्या वर्षीच्या अनामतीपुरते. पोस्टर कला महाविद्यालयातल्या एका मुलीने काढले. त्यातल्या ‘मेळावा’ या शब्दातली मात्रा बोक्याच्या शेपटीला टेकली होती. पेंटर छपाईच्या आदल्या रात्री ते दुरुस्त करायला निघाला, बाईंनी त्याला अडवले. माझ्या मते बाईंनी घाई केली. पाच मिनिटांचे काम होते आणि मुलगीही शिकली असती. काम वाटून दिले म्हणजे नजरही बांधून ठेवायची, असे ठरले नव्हते. यावरून दोघांत अजून धुसफूस आहे. टेबलवालेही कुरकुरले, ९०० जास्त वाटले, त्यातले तिघे आले नाहीत. टीव्हीवरचा चेहरा नसल्याने वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या.

पुस्तक मार्चमध्ये झाले नाही, मेमध्ये झाले. ६४ ची ७२ पाने झाली. मुखपृष्ठावर पेंटरचे नाव आहे, आणि आत श्रेयनामावलीत ‘अक्षरलेखन’ अशी वेगळी ओळ. जूनमध्ये प्रवेशाच्या हंगामात क्लासच्या एका फ्लेक्सवर बोका दिसला, कराराबाहेर. बाईंनी पत्र पाठवले, फ्लेक्स दोन दिवसांत उतरला. करार नोव्हेंबरात संपतो. प्रायोजकाने तो वाढवायचे विचारले आहे, या वेळी क्लासच्या जाहिरातींसह. दर पेंटरने स्वतः सांगितला, आणि मी लिहिला असता त्याच्या दुप्पट.